दोन बोटं खाली

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास बर्मिंगहॅमच्या एखाद्या गल्लीत पन्नाशीतला, चष्मा लावणारा, बऱ्या घरचा गृहस्थ ओल्या फरशीला गाल लावून पालथा पडलेला दिसला, तर घाबरून ९९९ ला फोन लावू नये. आधी त्याच्यासमोर काय उभं आहे ते बघावं. समोर जुनी मिनी असेल, गृहस्थांचा एक डोळा मिटलेला असेल आणि हातात टेप असेल, तर माणूस ठणठणीत आहे. गाडी उजवीकडे कलली आहे की रस्ताच डावीकडे चढलेला आहे, एवढंच तो ठरवतो आहे. हे ठरायला साधारण जेवणाची वेळ होते.

या दुखण्याचं नाव 'राइड हाइट'. म्हणजे उभी गाडी आपलं अंग चाकांपासून किती वर धरून आहे ते माप. मिनीवाले ते चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. चार चाकं, चार आकडे. चारही आकडे मनासारखे आले की काम संपलं. मात्र काम संपलेला मिनीवाला शोधायला निघालं, तर बराच प्रवास करावा लागेल, आणि तो मिनीतून करू नये.

एवढ्याशा गाडीच्या उंचीचं एवढं कौतुक का, हे कळायला गाडीचा जन्म बघावा लागतो. १९५६ साली सुएझ कालव्याची भानगड झाली आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे मुख्य लिओनार्ड लॉर्ड यांनी अॅलेक इसिगोनिस या आपल्या इंजिनिअरला सांगितलं, छोटी गाडी कर. इसिगोनिसचा जन्म १९०६ सालचा, स्मर्ना शहरातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मिरचा. दहा फूट लांब आणि साडेचार फुटांहून किंचित रुंद एवढ्या जागेत त्याने चार माणसं, त्यांचं सामान आणि एक इंजिन बसवून दाखवलं. दहा बाय दहाच्या खोलीत सात जणांचा संसार, वर गावाहून आलेला पाहुणा, हे गिरगाव-लालबागने बघितलेलं आहे. पण त्या खोलीला चाकं लावून ताशी सत्तर मैलांनी पळवायची जबाबदारी चाळीच्या मालकावर नव्हती.

इसिगोनिस इंचाचा कंजूष. इंजिन लांबीत ठेवलं तर जागा खातं म्हणून त्याने ते आडवं घातलं. गिअरबॉक्सला जागा उरली नाही म्हणून तो इंजिनाच्या पोटाखाली, त्याच तेलात बुडवला. नेहमीची चाकं मोठी पडतात आणि त्यांचे उंचवटे आत बसणाऱ्याच्या गुडघ्याला लागतात, म्हणून त्याने डनलॉपकडे दहा इंची चाकांचा हट्ट धरला. त्याने म्हणे दोन हात समोर धरून 'एवढं' असं दाखवलं आणि कुणीतरी पट्टी लावून मधलं अंतर मोजून घेतलं, असा किस्सा सांगतात. २६ ऑगस्ट १९५९ रोजी गाडी लोकांसमोर आली.

आता राहिली स्प्रिंग. लोखंडी गुंडाळीची स्प्रिंग उंच असते आणि उंच गोष्टीला जागा लागते. शिवाय दुसरी अडचण. गाडीचं वजन सहाशे किलोच्या आसपास. तिच्यात चार धडधाकट माणसं आणि त्यांच्या बॅगा घातल्या की तीनशे किलो सहज वाढतात, म्हणजे जवळजवळ निम्मी गाडी गाडीत बसते. स्प्रिंग मऊ ठेवली तर भरलेली गाडी जमिनीला टेकणार, कडक ठेवली तर एकटा बसलेला माणूस छपराला टेकणार. हवी होती ती अशी वस्तू, जी सुरुवातीला नरम असेल आणि दाबाल तशी ताठ होत जाईल. असे स्वभाव माणसांत पुष्कळ आढळतात. वस्तूंमध्ये तो रबराचा आहे.

रबराचा माणूस इसिगोनिसला आधीच माहीत होता. अॅलेक्स मोल्टन. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन गावी त्याच्या पणजोबांनी, स्टीफन मोल्टन यांनी, १८४८ साली रबराचा कारखाना काढला होता. घरात चार पिढ्या रबर, त्यामुळे पोरगं दुसरं काय करणार? त्याने मिनीसाठी मूठभर आकाराचा एक शंकू तयार केला. पोलादी कड्यांच्या मध्ये चिकटवलेलं जाड रबर, एवढाच ऐवज. हाच मोल्टन पुढे १९६२ साली छोट्या चाकांची सायकल घेऊन आला आणि तिलाही त्याने रबरच बसवलं. ज्याचं त्याचं कुलदैवत.

रबरी शंकू आणि चाकाचा दांडा यांच्या मध्ये अॅल्युमिनियमचा एक तुकडा असतो, एका टोकाला निमुळता आणि दुसऱ्या टोकाला पसरट. त्याला इंग्रज मिस्त्री 'ट्रम्पेट' म्हणतात, म्हणजे आपला कर्णा. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला एक गोटी, गोटीखाली प्लास्टिकची छोटी वाटी, वाटीत ग्रीस. चाक उंचवट्यावर उचललं की दांडा उचलतो, दांडा गोटीला ढकलतो, गोटी कर्ण्याला, कर्णा रबराला. रबर कुणालाच ढकलू शकत नाही म्हणून ते गप्प सोसतं. सगळ्या संसारात सोसणारा शेवटी एक जण असतोच. ग्रीस वाळलं की मात्र ही मंडळी कुरकुर करू लागतात. जुनी मिनी गल्लीत शिरली की दाराची बिजागरी वाजल्यासारखा जो आवाज येतो, तो इथला.

हे रबर वर्षानुवर्षं सोसत राहिलं की बसतं. तुटत नाही, फाटत नाही, फक्त बसतं. रिटायर झालेले आजोबा आरामखुर्चीत रोज जरा जरा खाली सरकत जातात आणि दिवाळीला कुणीतरी म्हणतं, 'आजोबा बुटके झाले का हो?', तसंच. रोज बघणाऱ्याला काही कळत नाही. मग एक दिवस शेजारच्या घरासमोर दुसरी मिनी येऊन उभी राहते आणि मालकाला साक्षात्कार होतो की आपली गाडी बरीच खाली आली आहे. ब्रिटनमध्ये चालवणारा उजवीकडे बसतो आणि बहुतेक वेळा एकटाच असतो, त्यामुळे उजवीकडच्या रबरांची हजेरी रोजची आणि डावीकडच्यांची सणासुदीची. मग आजोबा नुसते बुटके होत नाहीत, एका बाजूला कलतातही.

उपाय सोपा. रबर नवं घालायचं. पण नव्या रबरावर मिनी टाचा उंचावून उभी राहते, फोटोतल्या मागच्या ओळीतल्या बुटक्या मुलासारखी. काही आठवडे चालवली की बसेल, असं मिस्त्री सांगतात. मालकाला काही आठवडे धीर निघत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला गाडी कारखान्याने ठेवली होती तेवढीही उंच नको असते. त्याला ती दोन बोटं खाली हवी असते.

दोन बोटं खाली का, याची उत्तरं दोन. लोकांना द्यायचं उत्तर असं की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर गाडी रस्ता सोडत नाही, माँटे कार्लोच्या रॅलीत मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली बाजी मारली ती काय उगाच? घरात द्यायचं उत्तर असं की बरी दिसते.

पूर्वी हे दोन बोटांचं काम लेथवर होत असे. खाली आणायची तर कर्णा काढायचा, ओळखीच्या टर्नरकडे न्यायचा आणि त्याचा काप काढून घ्यायचा. वर न्यायची तर कर्ण्याखाली वॉशर सारायचा. कापलेला कर्णा वाढत नाही, ही यातली मेख. वॉशर काढता येतो, काप जोडता येत नाही. कितीतरी कर्णे अशा रीतीने वेळेआधी भंगारात गेले. मग कुणीतरी कर्ण्याचे दोन भाग केले, मध्ये आटे पाडले आणि तो लांब-आखूड करता येईल असा केला. याला बाजारात 'हाय-लो' म्हणतात. पाना लावा, फिरवा, गाडी वर. उलट फिरवा, गाडी खाली. नळाची तोटी फिरवण्याइतकं सोपं काम.

तोटी आणि कर्णा यांत फरक एवढाच की तोटी फिरवल्यावर पाणी त्याच नळाला येतं.

कर्णा चाकाच्या दांड्यावर मध्येच कुठेतरी बसतो, चाक दांड्याच्या टोकाला. तरफेचा हा साधा हिशेब शाळेत सगळ्यांनी केलेला असतो आणि सगळेच विसरलेले असतात. पुढच्या बाजूला कर्णा एक मिलिमीटर लांब झाला की गाडी सुमारे तीन मिलिमीटर उचलते. मागच्या बाजूला तोच एक मिलिमीटर सुमारे पाच होतो. मंत्रालयात कुणी भुवई एवढीशी उचलली की तालुक्याच्या कचेरीत कपाटं हलायला लागतात, त्यातला प्रकार. पुढे तीन मिलिमीटरचा वॉशर घातला तर नऊ मिलिमीटर, मागे घातला तर पंधरा. घरातल्या घरात एका बाजूला तिपटीचा दर आणि दुसऱ्या बाजूला पाचपटीचा, आणि हिशेब लिहायला पाठीवर पडलेला एक माणूस, ज्याच्या डोळ्यात नुकतीच गंजाची खपली पडलेली आहे.

त्याची एक सकाळ जवळून बघण्यासारखी असते. पुढच्या रबराला हात घालायचा तर ते आधी दाबून धरावं लागतं, आणि ते हाताने दाबणारा अजून जन्मायचा आहे. त्यासाठी खास अवजार मिळतं. इंजिनाशेजारचा मोठा बोल्ट काढायचा, त्या भोकातून अवजाराची सळई आत सोडायची, रबराच्या मधोमध असलेल्या आट्यांत ती फिरवायची आणि वरचा नट आवळत रबर वर खेचायचं. शेजाऱ्याने हे अवजार मोठ्या मनाने दिलेलं असतं. सळई आत जाते, दोन फेरे बसते आणि अडते. जुन्या शंकूंना इंची आटे होते, नंतरच्यांना मेट्रिक आहेत. शेजारी इंची, गाडी मेट्रिक. युरोपाशी असलेला ब्रिटनचा सगळा इतिहास त्या एका भोकात अडकून बसलेला असतो.

दुसरं अवजार येतं. रबर दबतं, कर्णा सुटतो, नवा बसतो. मागच्या बाजूला हे अवजार लागतच नाही. तिथे शॉकअपचं खालचं टोक सोडवलं की दांडा लोंबतो आणि आडवा बसलेला कर्णा ओढून काढता येतो. सगळं विधिवत पार पडतं. चाकं चढतात, जॅक उतरतो. गृहस्थ टेप लावतात, आणि गाडी होती त्यापेक्षा दोन बोटं वर गेलेली असते.

कारण जॅकवर चाकं खाली लोंबलेली असतात, लोंबताना आत ओढली जातात, आणि जमिनीला टेकल्यावर टायर तिथेच पाय रोवून उभे राहतात. गाडी खाली यायचं म्हणते, टायर बाजूला सरकत नाहीत. म्हणून मापण्याआधी ती पुढेमागे ढकलावी लागते, किंवा गल्लीला एक फेरी मारून आणावी लागते. तेव्हा ती 'बसते'. म्हणजे एकदा पाना फिरवायचा तर जॅक लावा, चाक काढा, फिरवा, चाक लावा, जॅक काढा, फेरी मारा, टेप लावा. असं केलं की एका कोपऱ्याचा आकडा बरोबर येतो आणि उरलेले तीन बदलतात.

इथे कॅन्टीनचं टेबल आठवावं. एक पाय डुगडुगतो म्हणून खाली कागदाची जाड घडी सारली की भार तिरका, समोरच्या पायावर जातो आणि शेजारचा पाय हवेत. गाडीचंही तेच. उजवं पुढचं चाक उंचावलं की भार तिरका जाऊन डाव्या मागच्याला भेटतो. चहा सांडत नाही, एवढाच फरक. चहा गृहस्थांच्या हातात असतो आणि तो केव्हाच गार झालेला असतो.

शिवाय मोजायचं कशापासून? फरशी सपाट नाही, हे दुपारी बाराला कळतं. टायरमधली हवा सारखी नाही, हे साडेबाराला. मडगार्ड सरळ नाहीत, हे एकला. कारण मिनीचे मडगार्ड चाळीस-पन्नास वर्षांत दोनतीनदा बदललेले असतात आणि जोडणाऱ्याने ते डोळ्यांनी जोडलेले असतात. म्हणजे चाकाचा मध्य आणि मडगार्डची कड यांतलं अंतर मिलिमीटरपर्यंत जुळवून आणलं, तरी जुळलं काय तर एका वेल्डरचा मूड आणि दुसऱ्या वेल्डरचा मूड.

त्यातही गाडी रिकामी मोजायची की भरलेली? डिकीत डाव्या हाताला पेट्रोलची टाकी, जुन्या मॉडेलात पंचवीस लिटरची. ती भरली की डावा कोपरा अठरा-एकोणीस किलोंनी जड. उजवीकडे चालवणारा बसला की तो ऐंशी. सहाशे किलोच्या गाडीत ऐंशी किलोचा माणूस म्हणजे आठव्या हिश्श्याहून जास्त. मोठ्या गाडीत माणूस बसतो, मिनीत तो भागीदार होतो. शर्यतवाले म्हणून चालकाच्या जागी त्याच्या वजनाची पोती ठेवून मग उंची लावतात. गृहस्थांनाही हे ठाऊक असतं. ते घरात जातात आणि काय मिळतंय ते बघतात.

तोवर दोन बोटं खाली आलेल्या गाडीचं काय होतं ते बघू. इसिगोनिसने एकही इंच फालतू ठेवला नव्हता. त्यामुळे इथून काढलेला इंच दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जातो. गाडी खाली आली, पण शॉकअप जुन्या मापाचे. ते आता लांब पडतात, म्हणून आखूड आणायचे. मागच्या डाव्या शॉकअपचं वरचं टोक नेमकं पेट्रोलच्या टाकीमागे. टाकी हलवायची. म्हणजे गाडी बरी दिसावी म्हणून निघालेला माणूस रविवारी दुपारी पेट्रोलची टाकी मांडीवर घेऊन बसलेला असतो आणि घरातून कुणी सिगारेट ओढत बाहेर आलं की किंचाळतो.

बरं, पुढे. गाडी फार खाली ठेवली आणि पुन्हा कधी जॅक लावला, तर चाक इतकं खाली लोंबतं की आखूड कर्णा रबर आणि वाटी यांच्या मध्ये सैल पडतो आणि जागेवरून निसटतो. ही बातमी गाडी खाली उतरवल्यावर कळते, आवाजाने. गाडी खाली बसली की पुढची चाकं वरच्या बाजूने आत झुकतात, मग टायर आतल्या कडेने झिजतो. ते सरळ करायचे तर लांबी बदलता येणारे खालचे दांडे आणायचे. दचके सोसायला ठेवलेला रबरी ठोकळा आता दांड्याच्या जवळ येऊन बसतो, म्हणून लहान खड्डाही पाठीच्या कण्याला पत्ता विचारून जातो. मागचे टायर मडगार्डला घासतात. आणि गाडीचं नाक वर-खाली झालं की हेडलाइटचा झोत एक तर झाडावर जातो, नाहीतर स्वतःच्या बंपरसमोर पडतो. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून तरुण गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि तिच्यात हेडलाइटचा नेम बघतात. हेडलाइट आणि मिनी यांचं तसं जुनं वैर आहे. १९६६ च्या माँटे कार्लो रॅलीत मिन्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या आणि तिन्ही बाद झाल्या, त्या हेडलाइटच्याच नियमावरून.

रस्त्यावरचे गतिरोधक मात्र आपली उंची कुणासाठी बदलत नाहीत. ब्रिटनच्या नियमात त्यांना शंभर मिलिमीटरपर्यंत उंच होता येतं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पुस्तकातलं मापही दहा सेंटिमीटरच आहे. इंग्रज गेले तरी मापात मतभेद झाला नाही. फरक असा की तिकडचा गतिरोधक पुस्तक वाचून बांधतात आणि आपल्याकडचा उरलेलं डांबर संपेपर्यंत बांधतात. मिनीच्या पोटाखाली इंजिनाचं तेल आणि गिअरबॉक्स एकत्र नांदत असल्यामुळे दोन बोटं खाली आणलेली गाडी गतिरोधकावरून जाताना दोघांनाही एकाच वेळी खरचटतं.

रबराला असं वर्षानुवर्षं विनवण्या करण्यापेक्षा पाणी भरलेलं काय वाईट, असं मोल्टनच्या मनात आधीपासूनच होतं. त्याची 'हायड्रोलॅस्टिक' नावाची रचना १९६२ साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्याच ११०० मॉडेलात आली आणि १९६४ साली मिनीत. पुढचं चाक आणि त्याच बाजूचं मागचं चाक एका नळीने जोडलेलं, आत दाबाखाली द्राव. पुढचं चाक उचललं की द्राव मागे पळतो आणि मागची बाजूही उचलतो, त्यामुळे गाडी डुलत नाही. उंची लावायला पाने नकोत, कर्णे नकोत. पंप लावा, द्राव भरा, गाडी फुग्यासारखी वर येते. डाव्या बाजूचं खातं वेगळं, उजव्या बाजूचं वेगळं.

द्रावात काय होतं? पाणी, अल्कोहोल आणि गंज न चढू देणारी औषधं. नळी कुठे गळू लागली की त्या बाजूची पुढची-मागची दोन्ही चाकं मिळून खाली बसत आणि रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका अंगावर कललेली सापडे. आत काय भरलं होतं हे ध्यानात घेता आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. ही सगळी व्यवस्था महाग पडते म्हणून सत्तरीच्या सुरुवातीला मिनी पुन्हा कोरड्या रबरावर आली आणि २००० साली शेवटची गाडी निघेपर्यंत रबरावरच राहिली. तोवर ५३ लाखांहून जास्त मिन्या निघाल्या होत्या. प्रत्येकीला चार कोपरे. मोजमापाचं काम केवढं झालं असेल ते ज्याने त्याने गुणाकार करून बघावं.

इंग्रजांची रबराशी ही झटापट चाललेली असताना जर्मनांनी प्रश्न आकडेमोडीत घातला. फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या बाजूला स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी पोलादी सळई असते. सळईच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतलं टोक एक दाता सरकवलं की कोन नऊ अंशांनी बदलतो. बाहेरचं टोक उलट दिशेने एक दाता सरकवलं की आठ अंश अकरा मिनिटं परत येतात. निव्वळ शिल्लक पाऊण अंशाहून जरा जास्त. कमीत कमी एवढंच बदलता येतं. दाखवायला नऊ द्यायचे, लगेच आठ काढून घ्यायचे आणि वरचं किरकोळ हातावर ठेवायचं, ही पद्धत महागाई भत्त्याची थकबाकी मिळालेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. बीटलवाला पाठीवर पडत नाही. तो आधी कागद-पेन्सिल घेऊन बसतो, मग पाठीवर पडतो, मग सळई बाहेर काढताना कुठला दाता कुठे होता याची खूण करायला विसरलो हे त्याला आठवतं.

फ्रेंचांनी तिसराच रस्ता धरला. सित्रोएनच्या पिएर-ज्यूल बुलांजे यांना तीसच्या दशकात शेतकऱ्यांसाठी गाडी हवी होती. दोन शेतकरी, पन्नास किलो बटाटे, ताशी साठ किलोमीटर, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडं फुटता कामा नये. ही गाडी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात '२ सीव्ही' म्हणून आली. अंगाने पत्र्याची, चालीने उंटाची. तिच्या स्प्रिंगा बाजूला आडव्या नळकांड्यात आणि त्यांना ओढून धरणाऱ्या लांब सळया. सळईच्या टोकाशी आटे असतात, तिथे फिरवून उंची लावता येते. पण फ्रेंचांना माहीत होतं की मागे बटाटे चढले की गाडी मागून बसणार आणि नाक आकाशाकडे जाणार, कितीही आटे फिरवा. म्हणून त्यांनी दोन्ही हेडलाइट एका आडव्या दांडीवर बसवले आणि ती दांडी फिरवायची मूठ चालवणाऱ्याच्या हाताशी आणून ठेवली. गाडी कलली? कलू द्या. दिवे सरळ करा आणि चला.

मुंबईने या बाबतीत फ्रेंचांचाच कित्ता गिरवला, तोही न वाचता. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, पुढून गुंडाळीच्या स्प्रिंगवर आणि मागून पाट्यांवर उभी. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी, टपावर कॅरिअर, कॅरिअरवर मुंबई सेंट्रलहून गावी निघालेल्या कुटुंबाच्या बॅगा, दोन गोण्या आणि पाळण्याची फ्रेम. पाटे बसणारच. मग गॅरेजमध्ये होणारा संवाद साधारण असा असे.

"मागून बसलीय ओ साहेब. एक पाटा चढवू?"

"चढव. पण फार वर नको हां. आईला चढता येत नाही."

"मग अर्धा चढवतो."

यात थट्टा नाही. आखूड पाटा खरोखरच घालत. माप घ्यायला टेप लागत नसे. मिस्त्री टायर आणि मडगार्ड यांच्या मध्ये मूठ घालून बघे. मूठ गेली की पास. मिस्त्री बारीक असला की गाडी खाली, जाडा असला की वर, आणि पोऱ्याला मूठ घालायला सांगितली की गाडी शर्यतीला निघालेली. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली, तेव्हा लोकांनी तिच्या जागेचं, डिकीचं, मजबुतीचं कौतुक केलं. ती डावीकडे किती मिलिमीटर कललेली होती, हे कुणी विचारलं नाही.

बर्मिंगहॅमला मात्र संध्याकाळचे पाच वाजलेत. गृहस्थांनी चारही कोपरे तिसऱ्यांदा फिरवून झालेत. फरशीच्या उताराची वजाबाकी वहीत लिहून झाली आहे. टायरमध्ये हवा सारखी आहे, टाकी अर्धी आहे. टेप लावला जातो. पुढचे दोन्ही आकडे सारखे. मागचे दोन्ही आकडे सारखे. टेप पुन्हा लावला जातो, न जाणो, पण आकडे तेच. गृहस्थ चार पावलं मागे जातात, एक डोळा मिटतात, दुसरा मिटतात. अवघी दहा फूट गाडी एका रेषेत, दोन बोटं खाली उभी आहे.

त्याच क्षणी स्वयंपाकघराचं दार उघडतं.

"अहो, भाजीवाल्याकडून आणलेली बटाट्याची पोती कुठे गेली?"

गृहस्थ गाडीकडे बघतात. उजव्या सीटवर, पट्टा लावून, प्रत्येकी पंचवीस किलोची तीन पोती आणि त्यांच्या वर वजन ऐंशी भरावं म्हणून ठेवलेला लोखंडी तवा अगदी सरळ बसलेला आहे.

"आज भात केला तर नाही का चालणार?" गृहस्थ विचारतात.

"तवाही तिथेच आहे का?"

तवा आत जातो. उजवी बाजू चार मिलिमीटर वर येते.

गृहस्थ जॅक आणायला वळतात.